उल्त्सन जंक्शनचं काय झालं? एका जर्मन स्टेशनचा प्रकरण अभ्यास

हॅनोव्हरहून हॅम्बुर्गला स्वस्तात जायचं असेल तर मधे उल्त्सनला गाडी बदलायची, हे इथं जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या पोरापोरींना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पाठ होतं. आयसीई या जलद गाडीचं तिकीट परवडत नाही, डॉइचलांड-टिकेट हा महिन्याचा पास फक्त रिजनल गाड्यांना चालतो, मग डबलडेकर रिजनल गाडी पकडायची, तासाभराने उल्त्सनला उतरायचं, समोरची दुसरी गाडी गाठायची आणि आणखी तासाभराने हॅम्बुर्ग. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाव 'उएलझेन' असं वाचलं होतं आणि अनाउन्समेंट ऐकून कळेचना की आपलं स्टेशन आलंय, शेजारच्या आजींनी हाताला धरून उठवलं तेव्हा उतरले.

उतरले आणि बघतच राहिले. प्लॅटफॉर्मच्या छताला खांब आहेत ते कुंभाराने चाकावर फिरवून एकावर एक रचल्यासारखे, लाल, निळे, हिरवे, मधेच फुगीर मधेच बारीक, प्रत्येक वेगळा. वर सोनेरी गोळे. मी खांबावर हात फिरवून बघत होते, सिरॅमिक आहे का प्लास्टर वगैरे, तेवढ्यात समोरची गाडी गेली निघून. पुढची तासाभराने. चूक पूर्ण माझीच, पण त्या तासात स्टेशन कोपरान्‌कोपरा बघून झालं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

म्हणून हे लिहितेय. स्टेशन खरं आहे, गाव खरं आहे, तारखा खऱ्या आहेत. गावातल्या ज्या माणसांनी हे घडवून आणलं त्यांची नावं मात्र टाळलीयेत. मला कौतुकाचा लेख लिहायचा नाहीये, असले लेख भरपूर आहेत. मला हे बघायचंय की कुठल्या वळणावर कोणता निर्णय झाला आणि तो दुसरा झाला असता तर काय झालं असतं.

पार्श्वभूमी

उल्त्सन म्हणजे लोअर सॅक्सनीतलं, ल्युनेबुर्ग हीथ नावाच्या माळरानाच्या पट्ट्यातलं तीसेक हजार वस्तीचं गाव. बीटापासून साखर काढायचा मोठा कारखाना आहे, शरद ऋतूत बीटाचे ट्रक सुरू झाले की अख्खा जिल्हा त्या हंगामावर चालतो, साखर कारखान्याचं गाव म्हटल्यावर आपल्याला वेगळं काय सांगायचं. पूर्वी हान्सा व्यापारी संघातलं गाव, म्हणजे मध्ययुगात बऱ्यापैकी नाव होतं, नंतर जरा मागं पडलं.

रेल्वे आली 1 मे 1847 ला. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, हॅनोव्हरचं स्वतंत्र राज्य होतं आणि त्यांच्या सरकारी रेल्वेने त्सेलेपासून हॅम्बुर्गच्या अलीकडच्या हारबुर्गपर्यंत लाईन टाकली, उल्त्सन त्या लाईनीवर आलं. एवढंच झालं असतं तर ते वाटेवरचं एक बऱ्यापैकी स्टेशन राहिलं असतं. पण 1873 मध्ये दुसरी लाईन आली आणि ती पहिलीला आडवी छेदून गेली, पूर्वेकडच्या श्टेंडालहून उल्त्सनमार्गे ब्रेमेनजवळच्या लांगवेडेलपर्यंत. ही माग्डेबुर्ग-हाल्बरश्टाट नावाच्या खासगी कंपनीची. बर्लिनकडून ब्रेमेनच्या बंदरांकडे जायचा हा जवळचा रस्ता, आणि त्या बंदरांतून लोक अमेरिकेला जायचे, म्हणून लाईनीचं नाव पडलं अमेरिकालिनी. आजही तेच म्हणतात. गंमत म्हणजे अमेरिका लाईनीच्या ब्रेमेनकडच्या अर्ध्यावर आता एकेरी रुळावरून सोल्टाऊमार्गे छोटी डिझेल गाडी जाते, नाव मोठं लक्षण खोटं अशी गत.

तर एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, आणि मधे उल्त्सन. झालं जंक्शन. जंक्शन झाल्यावर साधी बिल्डिंग पुरेना म्हणून 1880 च्या दशकाच्या शेवटी नवीन मोठी विटांची बिल्डिंग बांधली, आर्किटेक्ट हुबर्ट श्टीअर. हॅनोव्हरचं मुख्य स्टेशन आणि ब्रेमेनचं मुख्य स्टेशन पण याचंच, म्हणजे त्या काळातला रेल्वेचा नावाजलेला माणूस. कमानदार खिडक्या, विटांचे पट्टे, एकदम शिस्तीचं काम. ही बिल्डिंग लक्षात ठेवा, कारण अख्ख्या प्रकरणात खरी हिरोईन तीच आहे आणि फोटोत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

अडचण काय होती

अडचण एका दिवसात आली नाही, दोन हप्त्यांत आली.

पहिला हप्ता 1945. शेवटच्या महिन्यांत बॉम्बहल्ल्यांत स्टेशनाला आणि यार्डाला मार बसला तो एक भाग, पण बॉम्बने पडलेलं परत बांधता येतं. खरा घाव जर्मनीच्या फाळणीचा. पूर्वेला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरचं साल्ट्सवेडेल सोव्हिएत झोनमध्ये गेलं आणि अमेरिका लाईन मधेच तुटली. चार दिशांचं जंक्शन एका फटक्यात तीन दिशांचं झालं आणि उल्त्सन सरहद्दीकाठचं गाव. पुढची बरीच वर्षं पूर्वेकडून पळून आलेल्या लोकांसाठी उल्त्सनच्या बोल्डाम भागात मोठी छावणी होती, 1963 पर्यंत चालली. म्हणजे ज्या स्टेशनातून कधीकाळी लोक देश सोडून अमेरिकेला निघायचे तिथंच आता घरदार सोडून आलेले लोक उतरत होते. हे मला त्या रंगीत खांबांपेक्षा जास्त लागलं, पण स्टेशनात याबद्दल फार काही दिसत नाही.

उत्तर-दक्षिण लाईन मात्र जोरात होती. 1965 मध्ये हॅनोव्हर-हॅम्बुर्ग पूर्ण विजेवर आली, गाड्या वाढल्या, वेग वाढला. आणि वेग वाढला की मधल्या स्टेशनांचं काय होतं ते आपल्याला माहितीय, जलद गाड्या धाडधाड निघून जातात आणि स्टेशन बघत बसतं.

दुसरा हप्ता नव्वदच्या दशकातला. 1990 मध्ये देश एक झाला. 1 जानेवारी 1994 ला पश्चिम जर्मनीची सरकारी रेल्वे बुंडेसबान आणि पूर्वेची राइश्सबान एकत्र करून डॉइच बान ही कंपनी झाली, मालक सरकारच पण हिशोब कंपनीसारखा. 1996 पासून रिजनल गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे गेली. आता नवीन कंपनी स्वतःच्या मालमत्तेकडे बघायला लागली तर हजारो जुन्या बिल्डिंगा. पूर्वी तिथं स्टेशनमास्तर राहायचा, तार ऑफिस होतं, पार्सल ऑफिस होतं, तीन क्लासच्या तीन वेटिंग रूम होत्या. आता तिकीट मशीन देतं, सिग्नल लांबून चालतो, पार्सल ट्रकने जातं. मग एवढ्या मोठ्या बिल्डिंगचं करायचं काय? शंभर वर्षं जुनी, तापवायला महाग, अर्ध्या खोल्या बंद, छत गळतंय. जर्मनीत त्या काळात असल्या शेकडो बिल्डिंगा विकल्या गेल्या, काही पाडल्या, काहींच्या दाराखिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि प्रवाशांसाठी बाहेर काचेचा एक आडोसा उभा केला. उल्त्सनचंही स्टेशन तेव्हा मळकट आणि कंटाळवाणं झालेलं होतं, लोक तिथं गरजेपुरते थांबायचे.

इथं एक बारकावा आहे. उल्त्सनची अडचण 'प्रवासी नाहीत' ही कधीच नव्हती. चेंज करणारे प्रवासी होते. अडचण ही की बिल्डिंग आणि प्रवासी यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

समोर कोणते पर्याय होते

एक, काहीच न करणं. रंग मारायचा, गळती बुजवायची, पुढच्या पाच वर्षांवर ढकलायचं. बऱ्याच गावांनी हेच केलं, आणि त्यांना नावं ठेवायला मी कोण, पैसे नसले की हेच होतं.

दोन, बिल्डिंग सोडून द्यायची. आडोसा, मशीन, बाकडं, संपलं. खर्च सगळ्यात कमी. चेंज करणाऱ्या माणसाला तसंही बिल्डिंगमध्ये यायचं कारण नसतं. पण उल्त्सनसारख्या ठिकाणी माणूस पाच मिनिटं थांबतो किंवा पंचावन्न, मधलं काही नाही. जानेवारीत उघड्यावर पंचावन्न मिनिटं काढून बघा एकदा.

तीन, नीटनेटकी सरकारी छापाची दुरुस्ती. विटा धुवायच्या, काचेची सरकती दारं, एक बेकरी, एक पुस्तकांचं दुकान, करड्या फरश्या. वाईट काही नाही, पण त्यासाठी उल्त्सनला उतरून मुद्दाम बघायला कोण येणार?

चौथा पर्याय कुणाच्या टेबलावर नव्हता, तो गावातल्या लोकांनी आणून ठेवला. तेव्हा हॅनोव्हरला 2000 साली जागतिक प्रदर्शन भरणार होतं, एक्स्पो 2000, 1 जून ते 31 ऑक्टोबर. त्यात एक योजना अशी की प्रदर्शन फक्त मैदानात नाही, आसपासच्या गावांतले प्रकल्पही एक्स्पोचे म्हणून नोंदवता येतील. गावातल्या काही नागरिकांनी स्टेशनासाठी संस्था काढली आणि डोकं लावलं की आपलं स्टेशनच एक्स्पोचा प्रकल्प करूया, पर्यावरण आणि संस्कृतीचं स्टेशन. आणि त्याचं डिझाइन करायला बोलवूया थेट हुंडर्टवासरला.

फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर म्हणजे व्हिएन्नाचा चित्रकार, जन्म 1928, खरं नाव फ्रीडरिश श्टोवासर. सरळ रेषेशी त्याचं हाडवैर. 1985 मध्ये व्हिएन्नात त्याची ती प्रसिद्ध रंगीत सोसायटी उभी राहिली, जमीन वरखाली, खिडक्या एकीसारखी दुसरी नाही, गच्चीवर झाडं. भाडेकरूला आपल्या खिडकीतून हात पोचेल तेवढी भिंत हवी तशी रंगवायचा हक्क पाहिजे असं त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगून बघा. शिकलेल्या आर्किटेक्ट मंडळींचं त्याच्याबद्दल मत फार चांगलं नव्हतं, बरेच जण त्याला सजावटवाला म्हणायचे, वरून केकवर क्रीम लावल्यासारखं काम करतो असं.

निर्णयाचं पहिलं वळण: पाडायचं की पांघरायचं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कलाकार कोण हा नव्हताच. जुनी बिल्डिंग ठेवायची हा होता. श्टीअरच्या विटांच्या भिंती तशाच आत राहिल्या, आणि त्यांच्यावर, त्यांच्यापुढे, त्यांच्यामधे हुंडर्टवासरचं काम आलं. दर्शनी बाजूला गोल घाटाचे भाग, खांब, सोनेरी गोळे; आत मोझाइक, फरशीचे पट्टे वळणावळणाने जाणारे, प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या बोगद्यात रंगीत टाइल्स. छतावर हिरवळ, प्लॅटफॉर्मच्या छपरांवर सोलर पॅनल. पण दोन पावलं मागे होऊन बघितलं तर ती 1880 च्या दशकातली कमानदार बिल्डिंग अजून दिसते, नटवलेल्या आजीसारखी.

याचे फायदे सरळ होते. भिंती पाडायचा खर्च नाही, गाड्या चालू असताना काम करता आलं, आणि गावातल्या ज्या लोकांना हे सगळं थेरं वाटत होती त्यांना निदान 'आपलं जुनं स्टेशन गेलं' असं म्हणता आलं नाही. तोटाही आहे. ज्याला श्टीअरची शिस्त आवडते त्याला हे बघवत नाही. मला स्वतःला पुढची बाजू थोडी जास्तच झाल्यासारखी वाटते, प्लॅटफॉर्मवरचे खांब मात्र एक नंबर.

दुसरं वळण: कलाकारच गेला

प्रत्यक्ष काम 1999-2000 मध्ये चालू होतं. आणि 19 फेब्रुवारी 2000 ला हुंडर्टवासर वारला, न्यूझीलंडहून युरोपला येताना, पॅसिफिक महासागरात, क्वीन एलिझाबेथ टू या बोटीवर. एक्स्पो सुरू व्हायला साडेतीन महिने राहिलेले.

कल्पना करा, तुम्ही त्या संस्थेत आहात. गावाला, रेल्वेला, राज्याला पटवून पटवून इथवर आणलंय, अर्धं स्टेशन उकरलेलं, प्रवासी पत्र्याच्या आडून चालतायत, आणि ज्याच्या नावावर हे सगळं उभं आहे तो माणूस गेला. आता काय? थांबायचं? जेवढं झालंय तेवढ्यावर आटपायचं? कुणा दुसऱ्याला आणायचं?

त्यांनी ठरवलेलं होतं तसंच पूर्ण करायचं ठरवलं. हे जमलं कारण डिझाइन कलाकाराच्या डोक्यात नव्हतं, कागदावर आलेलं होतं आणि त्याच्यासोबत काम करणारे आर्किटेक्ट ते वाचू शकत होते. शिवाय हुंडर्टवासरच्या कामाची पद्धतच अशी की टाइल लावणाऱ्या गवंड्याला थोडी मोकळीक असते, तुकडे कसे बसवायचे ते त्याने हाताने ठरवायचं. त्यामुळे कलाकार रोज साइटवर उभा असणं ही अट नव्हती. एखाद्या सरळ रेषेवाल्या आर्किटेक्टची बिल्डिंग असती तर एक मिलिमीटर चुकला तरी दिसला असता, इथं मिलिमीटरला कुणी विचारत नाही.

मी त्या बोगद्यातल्या टाइल्स जवळून बघितल्यात. तुटक्या तुकड्यांच्या मधल्या फटी कुठं बोटभर रुंद, कुठं नखाएवढ्या, आणि एका जागी एका निळ्या तुकड्याच्या शेजारी तसाच निळा पण किंचित वेगळ्या छटेचा बसवलाय. बहुतेक त्या दिवशी हाताशी तोच होता. हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये नसणार.

तिसरं वळण: तारीख

एक्स्पो 31 ऑक्टोबर 2000 ला संपलं. स्टेशनाचं उद्‌घाटन झालं 25 नोव्हेंबर 2000 ला.

हो. वरातीमागून घोडं. ज्या प्रदर्शनाच्या नावाने सगळा घाट घातला ते आटोपून पंचवीस दिवस झाल्यावर स्टेशन तयार झालं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कुठल्याही कोर्समध्ये याला फेल म्हणतील. माझा नवरा याच क्षेत्रात आहे, त्याला सांगितलं तर त्याची पहिली प्रतिक्रिया हीच की डेडलाइन चुकली म्हणजे प्रकल्पाचा उद्देशच गेला. मी म्हटलं उद्देश कुठला? एक्स्पो हा उद्देश नव्हता, एक्स्पो ही शिडी होती. एक्स्पोच्या नावाने लक्ष आणि पाठिंबा मिळाला, मोठ्या माणसांना एका टेबलावर आणता आलं. घाई करून जूनमध्ये अर्धवट उघडलं असतं तर पाच महिने पाहुणे येऊन अर्धवट स्टेशन बघून गेले असते आणि नंतर ते पूर्ण करायला कुणी एक पैसा दिला नसता. उशीर झाला पण पूर्ण झालं. यावर आमचं अजून एकमत नाहीये.

निकाल

लोक यायला लागले, मुद्दाम स्टेशन बघायला. टूर बसेस येतात, गाइड लोकांना फिरवतात. सगळ्यात जास्त फोटो टॉयलेटचे निघतात, खरंच, सार्वजनिक टॉयलेट इतकं रंगीत की आत जाऊन माणूस कशाला आलो ते विसरतो. (हुंडर्टवासरची ही खासियतच, न्यूझीलंडमधल्या कावाकावा गावात त्याने 1999 मध्ये सार्वजनिक संडासच बांधून दिलाय आणि तोही बघायला पर्यटक येतात.) स्टेशनासमोरच्या चौकाला त्याचंच नाव दिलं. 2009 मध्ये आलियान्स प्रो शीने या रेल्वेवाल्या संघटनेने उल्त्सनला छोट्या शहरांच्या गटात वर्षातलं सर्वोत्तम स्टेशन म्हणून निवडलं, म्हणजे नव्याचे नऊ दिवस संपून नऊ वर्षं झाल्यावर, हे महत्त्वाचं.

आता माझं खरं म्हणणं. सगळे लेख इथं थांबतात, की कलेने स्टेशन वाचलं. मला ते अर्धंच पटतं. कारण त्याच काळात दुसऱ्या दोन गोष्टी घडल्या ज्यांचे फोटो कुणी काढत नाही.

पहिली, डिसेंबर 1999. साल्ट्सवेडेलकडचा चोपन्न वर्षं तुटलेला तुकडा परत जोडला गेला आणि उल्त्सनहून पूर्वेला श्टेंडालपर्यंत गाड्या सुरू झाल्या. जंक्शन परत चार दिशांचं झालं. स्टेशन उघडायच्या साधारण वर्षभर आधी.

दुसरी, डिसेंबर 2003. मेट्रोनोम या नव्या कंपनीने उल्त्सन-हॅम्बुर्ग गाड्या चालवायला घेतल्या, आणि 2005 पासून उल्त्सन-हॅनोव्हर-ग्योटिंगनही. कंपनीचं मुख्य ऑफिस उल्त्सनलाच आलं, गाड्यांचं वर्कशॉपही तिथंच. म्हणजे ड्रायव्हर, टीसी, मेकॅनिक, प्लॅनिंगवाले, ही सगळी नोकऱ्यांची माणसं गावात. आणि दोन्ही लाईनी जिथं मिळतात ते ठिकाण उल्त्सन, त्यामुळे तासातासाला गाडीभर माणसं तिथं एका गाडीतून उतरून दुसरीत चढणार हे टाइमटेबलमध्येच लिहिलेलं.

म्हणजे बघा, आधी रूळ परत आले, मग रंग आले, मग गाड्या वाढल्या. यातली कुठली एक गोष्ट काढली तर बाकीच्या दोन लंगड्या पडतात. गाड्या नसत्या तर ते स्टेशन म्हणजे माळरानातलं रंगीत म्युझियम झालं असतं, आणि रंग नसते तर चेंज करणारे हजारो लोक आडोशात उभे राहून चरफडत गेले असते. पण क्रम लावायचाच झाला तर मी गाड्यांना पहिला नंबर देईन. हुंडर्टवासरच्या चाहत्यांनी राग मानू नये.

आणि अडचणी संपल्या असंही नाही. हॅनोव्हर-हॅम्बुर्ग ही देशातल्या सगळ्यात तुंबलेल्या लाईनींपैकी एक. आयसीई, मालगाड्या, रिजनल, सगळ्या त्याच रुळांवर. याच लाईनीवर, उल्त्सन आणि त्सेलेच्या मधे एशेडेला, 3 जून 1998 ला आयसीईचा तो भयानक अपघात झाला, 101 माणसं गेली, तेव्हा इकडे स्टेशनाची तयारी चालू होती. श्टेले ते ल्युनेबुर्गपर्यंत तिसरा रूळ टाकून झाला, ल्युनेबुर्ग ते उल्त्सन अजून दोनच. 2015 मध्ये लोकांना सोबत घेऊन मोठी चर्चा झाली, त्यातून आल्फा-ई नावाचा तोडगा निघाला, आहेत त्या लाईनी वाढवायच्या असा, आणि त्यानंतरही नवीन वेगळी लाईन टाकायची की नाही यावरून माळरानातल्या गावांत जोरदार वाद चालूच राहिले. खांब कितीही सुंदर असला तरी मागून मालगाडी अडकली की अन्श्लुस जातो तो जातोच. अन्श्लुस म्हणजे जोडगाडी, जर्मनीत हा शब्द लोक ज्या तोंडाने उच्चारतात त्यावरून त्यांचा दिवस कसा गेला ते कळतं.

वेगळं काय करता आलं असतं

तारखेचं वर बोलले. तिथं फार काही करता आलं असतं असं वाटत नाही, फक्त सुरुवातीपासून 'एक्स्पोसाठी' असं म्हणण्याऐवजी 'एक्स्पोच्या निमित्ताने' म्हटलं असतं तर नोव्हेंबरमध्ये कमी टोमणे खावे लागले असते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती कुणी बोलत नाही. जर्मनीत कलाकृतीवरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं राहतो, म्हणजे इथं 2070 संपेपर्यंत. स्टेशन हे चित्र नाही, त्यात दर दहा वर्षांनी काहीतरी बदलावं लागतं. नवीन डिस्प्ले बोर्ड, नवीन मशीन, कॅमेरे, उद्या प्लॅटफॉर्मची उंची बदलायची झाली तर तेही. प्रत्येक वेळी प्रश्न येणार की याने मूळ काम बिघडतं का. हा प्रश्न हवेतला नाही, बर्लिनच्या मुख्य स्टेशनात आर्किटेक्टने काढलेल्या कमानदार छताऐवजी खालच्या मजल्यावर रेल्वेने साधं सपाट छत लावलं तर आर्किटेक्ट कोर्टात गेला आणि 2006 मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, नंतर दोघांनी तडजोड केली. त्यामुळे एखाद्या गावाला हे असं करायचं असेल तर माझा सल्ला, कलाकाराशी पहिल्याच करारात लिहून घ्या की कुठला भाग कायमचा आणि कुठला भाग कामाचा. खांब तुमचे, बोर्ड आमचे. कलाकार जिवंत असताना हे बोलणं अवघड वाटतं, गेल्यावर त्याहून अवघड.

तिसरं, एका नावावर सगळं टांगायचा धोका. उल्त्सनला ते जमलं. पण प्रत्येक गावाला हुंडर्टवासर मिळत नाही, आणि मिळाला तरी दहाव्या गावात त्याची नवलाई राहत नाही. दक्षिणेत आल्गॉयमधल्या लॉइटकिर्श गावाने याच्या उलट केलं, 1889 ची जुनी स्टेशन बिल्डिंग वाचवायला सहकारी संस्था काढली, गावकऱ्यांनी शेअर घेतले, दुरुस्ती केली आणि 2012 मध्ये आत रेस्टॉरंट आणि ऑफिसं सुरू झाली. ना सोनेरी गोळे ना टूर बस, पण बिल्डिंग गावाच्या मालकीची. सहकार म्हटल्यावर मला हे जास्त जवळचं वाटणं साहजिक आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर लॉइटकिर्शचं स्टेशन बघायला मी मुद्दाम गेले नाही, आणि उल्त्सनला पाहुण्यांना घेऊन चार वेळा गेलेय.

चौथं, त्या छावणीचं. अमेरिकेला निघालेले लोक, पूर्वेकडून आलेले लोक, एवढा मोठा इतिहास त्या प्लॅटफॉर्मवरून चालत गेलाय. सगळा भर रंगांवर गेला आणि ही गोष्ट मागं पडली. एखादी भिंत यासाठी ठेवायला हवी होती असं मला वाटतं, टाइल्सच्या तुकड्यांतच का होईना.

जाता जाता, कुणी जाणार असेल तर. प्लॅटफॉर्मचे नंबर 101, 301 असे आहेत, घाबरू नका, तीनशे प्लॅटफॉर्म नाहीयेत. उतरल्यावर आधी जोडगाडीची वेळ बघा आणि मगच खांबाला हात लावा. आणि वेळ असेल तर हॅम्बुर्गच्या गाडीत न चढता पूर्वेकडची आरई 20 पकडा, साल्ट्सवेडेल, श्टेंडाल करत माग्डेबुर्गला जाते. तिथं त्याच हुंडर्टवासरची गुलाबी बिल्डिंग आहे, ग्र्यून त्सिटाडेले म्हणजे 'हिरवा किल्ला', 2005 मध्ये पूर्ण झाली, तीही त्याने पाहिली नाही. गुलाबी बिल्डिंगला हिरवा किल्ला का म्हणतात ते छताकडे मान वर करून बघितलं की कळतं.

मी गेल्या वेळी तसंच केलं. गाडी डिसेंबर 1999 ला परत जोडलेल्या त्या तुकड्यावरून गेली, जुनी सरहद्द कुठं गेली ते मला कळलंच नाही, शेजारचा माणूस सँडविच खात होता त्याला विचारलं तर तोही म्हणाला, कुठंतरी मागं.